कॉम्प्युटर अचानक रिस्टार्ट होतोय: दोष एसएमपीएसचा आहे का, हे कसं शोधायचं

एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातून, मदरबोर्डाकडे जाणाऱ्या चोवीस पिनांच्या जाड जुडग्यात आठव्या पिनवर एक करडी वायर असते. तिच्यावर साधारण ५ व्होल्ट आहेत तोवर मदरबोर्ड 'वीज ठीक आहे' असं धरून चालतो. ते व्होल्ट पडले की तो प्रोसेसरला तिथल्या तिथे रिसेट करतो. विंडोज बिघडल्यावर दिसणारा निळा स्क्रीन येत नाही, सूचना येत नाही, फाइल सेव्ह करायलाही वेळ मिळत नाही. स्क्रीन काळा होतो आणि पुन्हा कंपनीचा लोगो दिसतो.

काहीच न सांगता होणारे बरेचसे रिस्टार्ट या एका वायरवर घडतात. म्हणून शोध घ्यायचा तो ही वायर कुणामुळे पडली याचा. भिंतीतल्या विजेने, थकलेल्या यूपीएसने, की एसएमपीएसने स्वतः? की वायरचा संबंधच नाही आणि रॅम किंवा विंडोजचं काही बिघडलंय? या प्रत्येकाची वेगळी तपासणी आहे. क्रमाने गेलात तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही. थेट नवा एसएमपीएस आणून बसवला आणि दोष एक्स्टेन्शन बोर्डाचा निघाला, असं फार वेळा होतं.

आधी वेळ लिहून ठेवा

तीन-चार दिवस एका कागदावर एवढंच लिहा: किती वाजता, तेव्हा काय चालू होतं, घरातले दिवे लुकलुकले का, आणि मशीन आपणहून परत सुरू झालं की बंदच राहिलं.

शेवटची नोंद सगळ्यात कामाची आहे. एसएमपीएसमध्ये जादा करंट किंवा शॉर्टपासून वाचवणारी संरक्षणं असतात. ती उडाली की बहुतेक एसएमपीएस बंद होऊन तसाच राहतो. पॉवरचं बटण दाबूनही दाद देत नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबून चालू केलं, की मगच उठतो. हे लक्षण दिसलं तर एसएमपीएसने मुद्दाम हात वर केलेत, असं समजा. एकतर लोड त्याच्या कुवतीबाहेर गेला किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. याउलट मशीन क्षणात आपणहून परत सुरू होत असेल, तर वीज पळभर पडली आणि लगेच सावरली.

इथे बायॉसमधली (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमधली) एक सेटिंग मदतीला घ्या. बहुतेक बोर्डांवर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा त्यासारख्या नावाचा पर्याय असतो. तो 'पॉवर ऑफ'वर ठेवा. आता भिंतीतली वीज पूर्ण तुटली, तर मशीन बंदच राहील. तरीही ते आपणहून उठत असेल, तर जांभळ्या वायरवरचा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारा, शाबूत होता आणि बाकीचीच वीज पडली किंवा बोर्ड रिसेट झाला. संशयाची सुई लगेच कॅबिनेटच्या आत वळते.

विंडोजने काय नोंदवलंय

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधून उघडा आणि विंडोज लॉग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये जा. रिस्टार्टच्या वेळेजवळ कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडेल, जोडीला ६००८ सुद्धा. ४१ दिसला म्हणजे एसएमपीएस गेला, असं कित्येक ठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढंच ४१ सांगतो. प्लग ओढून काढलात तरी तीच नोंद येईल.

खरी माहिती त्या नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये आहे. तिथे 'बगचेककोड'समोर शून्य असेल, तर विंडोजला निळा स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही. वीज किंवा रिसेटकडे बोट दाखवणारी ही खूण. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर निळा स्क्रीन येऊन गेलाय, फक्त तुम्हाला दिसला नाही. उदाहरणार्थ २९२ हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये १२४ होतो. ती हार्डवेअरची चूक आहे आणि तिथे आधी प्रोसेसर, ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आणि रॅमची सेटिंग तपासायची. १०७४ ही नोंद असेल, तर कुणीतरी सांगून रिस्टार्ट केलाय, बहुतेक विंडोज अपडेटने. तिथे हा सगळा शोध संपला.

निळा स्क्रीन डोळ्यांनी दिसावा म्हणून सिस्टम प्रॉपर्टीजमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढून टाका. एवढं करूनही मशीन न बोलता रिस्टार्ट होत असेल, तर पुढे चला.

भिंतीपासून सुरुवात

ठाणे-नवी मुंबईत ही पायरी गाळू नका. पावसाळ्यात लाइट क्षणभर जाऊन येणं रोजचंच. घरात दिवा मिणमिणतो, पंखा फिरतच राहतो आणि कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण लोडवर, वीज तुटल्यानंतरही साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. हा तग धरतो तो वीज साठवून ठेवणारा आतला मोठा प्रायमरी कपॅसिटर. लोड कमी असेल तर तोच साठा जास्त वेळ पुरतो. कपॅसिटर जुना झाला की त्याची साठवण घटते, आणि पूर्वी पचणारा तोच झटका आता पचत नाही. म्हणूनच 'तीन वर्षं याच यूपीएसवर काही झालं नाही, आत्ताच का?' या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा एसएमपीएसच्या वयात सापडतं. यूपीएस पूर्वीएवढ्याच वेळात बॅटरीवर जातो, तेवढा वेळ काढण्याची एसएमपीएसची ताकद मात्र गेलेली असते.

आता प्रत्यक्ष तपासणी. यूपीएस, स्टॅबिलायझर, स्पाइक बोर्ड सगळं बाजूला काढा आणि कॉम्प्युटरचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. दोन-तीन दिवस तसाच वापरा. रिस्टार्ट थांबले, तर दोष मधल्या वस्तूत आहे. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-चार वर्षांत थकते. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो, हेही लक्षात ठेवा. ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून ते ओलांडतात, आणि मग लाइट जाते त्याच क्षणी यूपीएस मान टाकतो.

घरातल्या इन्व्हर्टरवर चालवत असाल, तर त्याच्यावरचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंखा-दिव्यांना चालतो, कॉम्प्युटरला नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (मेनसारखी गुळगुळीत लाटेची वीज देणारा) नसेल आणि एसएमपीएस अॅक्टिव्ह पीएफसीचा (मेनमधून करंट त्याच लाटेच्या आकारात घेणारा) असेल, तर दोन्ही निर्दोष असूनही बॅटरीवर जाताच मशीन बंद पडू शकतं.

पॉवर कॉर्डचं कॅबिनेटमागचं टोक हलवून पाहा. ते सैल बसत असेल किंवा त्याच्या प्लास्टिकवर तपकिरी डाग असेल, तर कॉर्ड बदला. सॉकेटमध्ये प्लग डुगडुगत असेल, स्विच चालू करताना चर्रर्र आवाज येत असेल, तर सॉकेटच बदलून घ्या. कोपरी, ऐरोली, वाशी अशा खाडीलगतच्या भागात दमट, खारट हवेने पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि संपर्क अर्धवट होतो. एक्स्टेन्शन बोर्डावर प्रेस किंवा मिक्सर जोडलेला असेल, तर तो आधी वेगळा करा.

सॉकेटवरची मोजणी सवय असेल तरच करा, नाहीतर वायरमनला बोलवा. मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवायचा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ फारच कमी दाखवत असेल, तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात त्या यामुळेच. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थ तुटला की बॉडीवर निम्मं मेन व्होल्टेज चढतं. जुन्या इमारतींत आणि बैठ्या खोल्यांत हे सर्रास आढळतं. एसएमपीएस बदलून ते जाणार नाही.

घरातला एक दिवा अचानक प्रखर आणि दुसरा मंद झाला, तर मीटर रूममधला न्यूट्रल सुटत असण्याची दाट शक्यता आहे. मेन स्विच लगेच बंद करा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. तिथे व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं. कॉम्प्युटरचं निदान नंतर.

कॅबिनेट उघडून

मागचा स्विच बंद, कॉर्ड काढलेली, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरवलेली. एवढं झालं की बाजूचा पत्रा काढा.

सर्वात आधी समोरच्या पॅनेलकडून बोर्डाकडे येणारी 'रिसेट'ची दोन पिनांची वायर उपटून ठेवा. अडकलेलं रिसेट बटण हुबेहूब खराब एसएमपीएससारखं वागतं, आणि ही तपासणी दहा सेकंदांची आहे. मग चोवीस पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर काढून परत घट्ट बसवा, क्लिप 'टक्' वाजेपर्यंत. काढल्यावर आतल्या पिना निरखून पाहा. पिवळ्या वायरच्या पिनभोवती प्लास्टिक करपलं असेल, तर दोष तिथेच सापडला. संपर्क सैल असला की तिथे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेने पिन आणखी सैल होते.

ग्राफिक्स कार्डाला दोन आठ-पिनी कनेक्टर लागत असतील, तर एकाच केबलच्या दोन शेंड्या लावू नका. एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. एका आठ-पिनी कनेक्टरचं मान १५० वॅट, सहा-पिनीचं ७५, आणि कार्ड बसतं त्या मदरबोर्डावरच्या स्लॉटमधून आणखी ७५.

घोडबंदर रोडच्या आसपास बांधकामांची बारीक धूळ एसएमपीएसच्या तळच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. पावसाळ्यात तीच ओलावा धरते. जाळी धुऊन, पूर्ण वाळवून लावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून त्याचं बेअरिंग जातं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही प्रायमरी कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट उरलेले असू शकतात, आणि तो झटका जीवघेणा आहे. जाळीतून टॉर्च मारून फुगलेलं टोपण किंवा तपकिरी ओघळ दिसला, किंवा कुजक्या माशासारखा वास आला, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही. तो एसएमपीएस वापरायचा नाही.

लोड देऊन पाहणं

हिरव्या वायरला काळीशी जोडून एसएमपीएस बाहेर चालू करण्याची क्लिपवाली युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं दुकानातही सांगतात. त्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं. बिनलोडचा एसएमपीएस जवळजवळ नेहमीच शहाण्यासारखा वागतो. आपल्याला तो वजन उचलताना कसा वागतो ते हवंय.

हजाराच्या आतला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. कॅबिनेटमध्ये लोंबकळणारा मोकळा मोलेक्स कनेक्टर शोधा: चार भोकं, पिवळी, दोन काळ्या, लाल. काळी प्रोब काळ्या वायरच्या भोकात आधी घट्ट बसवा, मग लाल प्रोब पिवळीत. दोन्ही टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला लागू देऊ नका.

पिवळीवर ११.४० ते १२.६० व्होल्ट हवेत, लालवर ४.७५ ते ५.२५. चोवीस पिनांच्या कनेक्टरमागून नारिंगी वायरवर ३.१४ ते ३.४६. मशीन बंद पण मागचा स्विच चालू असताना जांभळीवर ४.७५ ते ५.२५. विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने दाखवलेल्या १२ व्होल्टवर विसंबू नका. बोर्डावरचा सेन्सर कित्येकदा अर्ध्या-पाऊण व्होल्टने चुकतो. तिथे आकडा कसा हलतो तेवढंच बघायचं.

आता लोड. महत्त्वाचा डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि पूर्ण वेळ शेजारी बसा. त्यासाठी मुद्दाम ताण देणारे प्रोग्राम वापरायचे. आधी फक्त प्रोसेसरवर प्राइम९५ पंधरा मिनिटं, सोबत तापमानावर लक्ष. मग फक्त ग्राफिक्स कार्डावर फरमार्क दहा मिनिटं. शेवटी दोन्ही एकत्र, ओसीसीटीची 'पॉवर' चाचणी त्याच कामाची आहे. एसएमपीएस बिननावाचा, 'लोकल' असेल, तर एकत्र चाचणी पाच मिनिटांवर नेऊ नका आणि जळका वास येताच मागचा स्विच बंद करा.

वेगवेगळे दोन्ही पार पडले आणि एकत्र देताच मशीन गेलं, तर दोष विजेच्या कुवतीत आहे. फक्त प्रोसेसरच्या चाचणीत गेलं आणि तापमान शंभरीला टेकलेलं होतं, तर कूलर आणि थर्मल पेस्ट पाहा. तापमान साठ-सत्तर असूनही गेलं, तर प्रोसेसरची आठ-पिनी केबल, बोर्ड किंवा एसएमपीएस.

मल्टिमीटरचा आकडा कसा वाचायचा? रिकाम्या मशीनवर १२.१० आणि लोडवर ११.९५, हे निरोगी. १२.१० वरून ११.५० वर उतरला, तर तो मर्यादेत आहे खरा, पण एवढी घसरण झाल्यावर त्या एसएमपीएसवर महागडं ग्राफिक्स कार्ड ठेवू नये. ११.४० च्या खाली गेला की निकाल लागला. आकडा स्थिर राहून मशीन गेलं, तरी एसएमपीएस सुटत नाही. मल्टिमीटर सेकंदात दोन-तीन वेळाच मोजतो, आणि घसरण काही मिलिसेकंदांत होऊन जाते. थकलेल्या कपॅसिटरमुळे वाढलेला रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजमधला बारीक, झपाट्याचा चढउतार, तर त्याला दिसतच नाही. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त रिपल चालत नाही, पण तो मोजायला ऑसिलोस्कोप लागतो.

यावर एक फुकटचा उपाय आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि ज्या गेममध्ये हमखास रिस्टार्ट व्हायचा तोच खेळा. रिस्टार्ट थांबले, तर कार्डाला लागणाऱ्या झटक्यांना वीज पुरत नव्हती. नवी कार्डं क्षणभरासाठी आपल्या लिखित वॅटच्या कितीतरी वर उडी मारतात. म्हणून तर २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट लोडची उडी सोसावी, अशी अट आली.

रिस्टार्ट लोडवर न होता, मशीन नुसतं पडून असताना होत असेल तर? जुने एसएमपीएस आणि एएमडीचे रायझन प्रोसेसर यांच्यात हे घडतं. प्रोसेसर झोपेत इतका कमी करंट घेतो, की जुन्या एसएमपीएसला तो सांभाळता येत नाही. बायॉसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून 'टिपिकल करंट आयडल' करा. सोबत रॅमचं एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून दोन दिवस पाहा आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा.

अदलाबदल आणि खरेदी

शेवटचा पुरावा एकच: माहितीतला चांगला, पुरेशा वॅटचा एसएमपीएस दोन-तीन दिवस उसना आणून त्याच घरात, त्याच सॉकेटवर चालवणं. दुकानातल्या टेबलावर तासभर चालवलेलं मशीन धरू नका, तिथली वीज वेगळी आणि लोडही. उसन्या एसएमपीएसवरही रिस्टार्ट झाला, तर बोर्ड किंवा रॅम.

नवा घेताना, लॅमिंग्टन रोडवर जा की ऑनलाइन मागवा, खोक्यावरच्या मोठ्या आकड्याआधी बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टसमोरच्या अँपिअरला १२ ने गुणा. '४५० वॅट' लिहिलेल्या डब्यावर १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्डासाठी खरे १९२ वॅटच आहेत. रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट, आरटीएक्स ३०६० चे १७०, बाकी सगळ्याचे साठ, म्हणजे तीनशेच्या जरा वर. याला चांगल्या कंपनीचा ५५० वॅट योग्य. ८० प्लसचा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, आतल्या संरक्षणांची हमी तो देत नाही. वॉरंटी पाच वर्षांची किंवा जास्त पाहा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

नवा एसएमपीएस मॉड्युलर (केबल डब्यापासून सुट्या होणारा) असेल, तर जुन्याच्या केबल वायरिंगचा कंटाळा म्हणून तशाच ठेवू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. प्लग बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि सगळ्या हार्ड डिस्क एका क्षणात जळतात. जुन्या केबल जुन्याच डब्यासोबत बांधा, त्यावर मार्करने 'खराब' लिहा आणि अधिकृत ई-कचरा संकलनात द्या. भंगारवाल्याकडून तोच डबा पुसून पुन्हा कुणाच्या तरी कॅबिनेटमध्ये जाऊ शकतो.